बोटीवरून गेलेलं ‘हाय’

माझं गाव कर्जत तालुक्यात. मार्च उजाडला की गावाचे डोळे टँकरच्या वाटेकडं लागतात, आणि मी पोटासाठी जातो तिथं पाण्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. गावातली माणसं अजून मला विचारतात, "बोटीवर नेमकं काय करतो रं तू?" मी सांगतो, "गंज खरवडतो आणि रंग लावतो." त्यांना वाटतं, पोरगा चेष्टा करतोय. चेष्टा कसली! मालवाहू जहाजावरच्या खलाशाचं निम्मं आयुष्य गंज खरवडण्यात जातं आणि निम्मं रंग देण्यात. मधे वेळ मिळाला तर दोर ओढायचे, पहारा द्यायचा आणि घर आठवायचं.

हे घर आठवायचं काम एका वर्षी मी जरा जास्तच केलं. त्याचंच सांगतोय. सांगता सांगता माझं डोकं मधेच तापेल, तेवढं चालवून घ्या. आमच्या घराण्यात ते वडिलोपार्जित आहे. जमीन कमी आली वाट्याला, राग भरपूर आला.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगी श्रीगोंद्याची. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होती, कंपनीच्या बसनं जायची यायची. वडील प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी. पोह्यांच्या कार्यक्रमात गुरुजींनी मला विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हणालो, "आई हाय आन् मी हाय. वडील वारले." गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "हाय नव्हे. आहे." मला घाम फुटला. दाराआडून कुणीतरी फिसकन हसलं. तेच हसू पाच मिनिटांनी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आलं.

मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "पोहता येतं का?"

"येतं की. विहिरीत शिकलोय."

"आणि समुद्रात पडलात तर?"

"मग ओरडायचं."

ती एवढी हसली की खालून तिच्या आईनं "काय गं?" म्हणून हाक मारली. मी तिथंच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी. तिनं कधी ठरवलं ते तिनं अजून सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, "ठरवलंय असं कोण म्हणालं?"

साखरपुडा झाला, तिच्या बोटात अंगठी गेली आणि वैशाखातली तारीख धरली. तोवर बोटीवरचा माझा करार संपवून मी परत येणार होतो. सगळं हिशेबात बसत होतं. फक्त तिच्या चुलत्यांना मी पसंत नव्हतो. "वर्षातले आठ महिने नवरा पाण्यावर, मग पोरीनं काय भिंतीशी बोलायचं?" असं त्यांचं म्हणणं. माणूस चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग यायचा. त्यांच्या मनात पुण्याचा कुणीतरी इंजिनिअर होता, हेही कानावर आलं होतं.

जायच्या आधी आम्ही आणखी एकदाच भेटलो, सुप्याला, तिची ड्यूटी सुटल्यावर. स्टँडजवळ उभ्यानं भेळ खाल्ली. तिला तिखट लागलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी येड्यागत विचारलं, "मी चाललो म्हणून रडतेस का?" ती म्हणाली, "मिरची लागलीय हो." एवढंच. लग्न ठरलेल्या माणसाजवळ यापेक्षा जास्त शिदोरी असते, पण माझ्याजवळ तेवढीच होती, आणि ती मी सहा महिने पुरवून पुरवून खाल्ली.

बोटीवर गेल्यावर मी पोरीपुढं भाव खायला शुद्ध लिहायला लागलो. गुरुजींची मुलगी ना! ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं. एक मेसेज लिहायला पंधरा मिनिटं लागायची. ती मात्र बोलून पाठवायची. सकाळी बसमध्ये बसली की एक, जेवणाच्या सुट्टीत एक. बोटीवर इंटरनेट मिळायचं ते मोजूनमापून, तेव्हा मी ते सगळे उतरवून ठेवायचो आणि कामावर कानात घालून ऐकायचो.

त्यातला एक तिनं चुकून पाठवला होता. फोन पर्समध्ये, बटण दाबलं गेलेलं, आणि दोन मिनिटं नुसता बसचा खडखडाट. मधे कंडक्टरसारखं कुणीतरी ओरडतंय, आणि ही मैत्रिणीला म्हणतेय, "सरक की गं जरा, मला खिडकी दे." माझ्यासाठी त्यात एक अक्षर नव्हतं. पण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला तो हाच. बाकीच्यांत ती माझ्याशी बोलत होती. ह्यात ती नुसती होती, मी नसताना असते तशी. कुणाला सांगितलं तर हसेल, पण दोन मिनिटं मी तिच्या शेजारच्या सीटवर बसून यायचो.

आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, कोकणातला होता. तीस वर्षं समुद्रावर काढलेला म्हातारा. मला तो नावानं कधी बोलवायचा नाही, "ए घाटावरच्या" म्हणायचा. मी कानात गाणी ऐकतोय असं त्याला वाटलं होतं. एकदा माझ्या कानातलं काढून त्यानं स्वतःच्या कानात घातलं आणि बराच वेळ ऐकून म्हणाला, "मेल्या, ही तर एस्टी आहे." मग खरं ते सांगावं लागलं. त्यानंतर त्यानं माझी चेष्टा केली नाही. उलट मी कोपऱ्यात बसलो की दुसऱ्यांना म्हणायचा, "त्याला हाक मारू नका, तो बसमध्ये आहे."

आता लढाईचं. आमच्या वाटेवरच्या समुद्रात त्या वर्षी ती पेटली. कोण कुणावर का चिडलं होतं, ते मोठ्या लोकांना माहीत. आम्ही मका घेऊन चाललो होतो. मक्याचं कुणाशी वैर असतं का? पण वरून येऊन पडणारं ते ड्रोनचं यंत्र विचारत बसत नाही की बाबा, तुझ्या पोटात तोफा आहेत का कणसं. एका दुपारी आमच्यापासून चारेक मैलांवरच्या एका जहाजातून काळा धूर वर आला. मी रंगाचा डबा हातात घेऊन बघतच राहिलो. तेवढ्यात भोंगा झाला आणि बोसननं माझी कॉलर धरून मला जवळजवळ फरफटत खाली नेलं. सगळ्यात आत, सुकाणूच्या यंत्राशेजारी लोखंडी दाराची एक खोली असते. तिथं आम्ही बावीस जण पाच तास गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो.

मी शूर वगैरे नाही, हे त्या खोलीत मला कळलं. जो तो आपापल्या देवाचं नाव घेत होता. मी देवाचं घेतलं, खोटं कशाला सांगू, पण मधेच फोन कानाला लावून तो बसचा खडखडाट ऐकला. ‘सरक की गं जरा.’ आपण मेलो तर ही उद्या सकाळी ह्याच बसमध्ये खिडकी मागून बसेल आणि तिला माहीतही नसेल, असं डोक्यात आलं, आणि मला तिचा एवढा लळा लागलाय हे पहिल्यांदा नीट समजलं. तीन भेटी झालेल्या बाईसाठी माणूस एवढा कासावीस होतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आम्हाला काही झालं नाही. वरच्याची कृपा आणि कॅप्टनचं डोकं. पण त्या दिवसापासून कॅप्टननं बोटीवरचं इंटरनेट बंद केलं. फोनवरून जहाज कुठं आहे ते कळतं म्हणे. बोट एका किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभी केली, आणि पुढं जायचं नाही, मागं यायचं नाही, नुसतं थांबायचं असा हुकूम आला.

बंद व्हायच्या आदल्या दिवशी तिचा आलेला शेवटचा आवाज असा होता: "काका म्हणतात, लग्नाची तारीख पुढं गेली तर ते थांबणार नाहीत. पप्पा गप्प बसलेत. तुम्ही काहीतरी बोला ना." आणि मी बोलायचं कसं? तोंडात बोळाच बसला होता. इकडं आकाशाकडं बघायचं आणि तिकडं चुलत्यांना डोळ्यांपुढं आणायचं, असे बारा दिवस काढले. खरं सांगतो, त्या उडत्या यंत्रापेक्षा मला पुण्याच्या इंजिनिअरची जास्त धास्ती होती.

बाराव्या दिवशी भरतीनं बोट नांगराभोवती फिरली आणि मागचा भाग किनाऱ्याच्या बाजूला आला. मी तिथं दोर गुंडाळत होतो. आधीच्या बंदरात घेतलेलं एक सिम माझ्या फोनमध्ये होतं. खिशात फोन थरथरला. बघतो तर रेंजची एक काडी! आणि तिचा एक मेसेज उतरला. बारा दिवसांपूर्वीचा. दोनच शब्द: ‘आहात का?’

हाताला रंग लागलेला. पंधरा मिनिटं शुद्ध लिहायला वेळ कुणाला होता? मी लिहिलं, ‘हाय’, आणि पाठवलं. आधी एवढं तरी जाऊ दे, मग सविस्तर लिहू म्हटलं. ‘काळजी करू नकोस, आम्ही’ इथवर आलो आणि काडी गेली. पुन्हा आलीच नाही. मी फोन डोक्यावर धरून त्या मागच्या कठड्यावर तासभर इकडून तिकडं नाचलो. बोसन म्हणाला, "झालं ना एक? एक पुष्कळ झालं." मला काही ते पुष्कळ वाटत नव्हतं.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी कॅप्टननं आठवड्यातून दहा मिनिटं फोन करायची परवानगी दिली. माझी पाळी आली. तिनं फोन उचलला आणि पहिलं वाक्य काय म्हणाली, तर, "आम्ही थांबलोय."

मी म्हणालो, "आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि आई. तुमच्या आई. मी घरी जाऊन आले ना."

मी उडालोच. आमच्याकडं साखरपुडा झालेली पोरगी लग्नाआधी सासरच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. गावभर तोंड होतं. आणि ही बाई श्रीगोंद्याहून एकटी स्कूटीवर आमच्या घरी गेली होती!

मग तिनं सांगितलं. मी पाठवलेलं ‘हाय’ तिला पोचलं होतं. पण माझ्यापर्यंत उतरलेल्या त्या ‘आहात का?’नंतर तिनं बारा दिवसांत आणखी चाळीस मेसेज केले होते. आधी विनवण्या, मग शिव्या, मग ‘आता मी काही लिहिणार नाही.’ आणि त्या सगळ्याच्या खाली माझं ‘हाय’. ती म्हणाली, "मला वाटलं, इंग्रजी हाय. हाय-हॅलोमधलं. इथं माझा जीव टांगणीला आणि तुम्ही हाय करताय!" घरातही तेच झालं. चुलत्यांनी मेसेज बघितला आणि म्हणाले, "बघा, बारा दिवसांनी जावईबापू हाय म्हणतायत. मजेत दिसतंय पोरगं."

दोन दिवसांनी ती आमच्या घरी गेली. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. आता माझी आई त्या बारा दिवसांत कशी होती ते ऐका. कंपनीनं सगळ्यांच्या घरी फोन करून कळवलं होतं की माणसं सुखरूप आहेत. आमच्या घरी फोन आलाच नाही. कारण कंपनीच्या कागदावर घरचा नंबर म्हणून मी वडिलांचा दिला होता. वडील गेले, त्यांचं सिम बंद झालं, आणि तो नंबर बदलायचं ह्या महामूर्खाच्या ध्यानात राहिलं नाही. आईचा साधा फोन, त्यावर मेसेज आला तरी तिला वाचता येत नाही. शेजारच्या टीव्हीवर तिनं धुराचं जहाज बघितलं होतं. बाकी तिला काही माहीत नव्हतं. ती कुणाला काही विचारतही नव्हती. विचारलं तर उत्तर मिळेल, ह्याची भीती.

ही दारात दिसली तशी आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. "काय कळलं का गं बाई?" एवढंच तिनं विचारलं.

"मेसेज आलाय त्यांचा."

"काय म्हनतोय?"

हिनं रागातच वाचलं, "काय म्हणणार? ‘हाय’ म्हणतायत."

आणि आईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि म्हणाली, "हाय म्हनला? हाय! हाय गं माजं लेकरू. जित्तं हाय."

हे सगळं ती मला फोनवर सांगत होती. मग म्हणाली, "मला तेव्हा कळलं, तुम्ही काय लिहिलंय ते. पप्पांनी आमच्या जिभेवरून तो शब्दच पुसून टाकला होता ना. मी आईंच्या शेजारी बसले आणि अंधार पडायच्या आत निघायचं म्हणून शेंगा संपेपर्यंतच थांबले." तेवढ्यात माझी दहा मिनिटं संपली. मी बाहेर आलो आणि बोसनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तो म्हणाला, "घाटावरच्या, नशीब काढलंस. तुझ्या आईला खबर द्यायला पोरगी स्वतः गेली." मीही पुढची दोन वर्षं ज्याला त्याला हेच सांगत फिरलो, की माझी बायको रीतभात बाजूला ठेवून माझ्या आईला खबर द्यायला गेली होती.

लग्नाची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी मी मुहूर्ताच्या वेळेला डेकवर गंज खरवडत होतो. तोंड पाडून बसलो होतो म्हणा ना. बोसन भटारखान्यातून वाटीत हळद कालवून घेऊन आला आणि सगळ्या खलाशांच्या देखत माझ्या दोन्ही गालांना फासली. "मुहूर्त चुकवायचा नसतो," म्हणाला. आमचा स्वयंपाकी फिलिपिन्सचा, त्याला वाटलं मला कसला तरी रोग झालाय. पण त्यानं केक केला, आणि एकवीस माणसांनी मिळून त्या दिवशी माझं निम्मं लग्न लावलं. त्या लोकांचं ऋण मी कसं फेडू, सांगा.

तिकडं चुलत्यांचं काय झालं, हे मला नंतर गुरुजींनी सांगितलं. रविवारी बैठक बसली. चुलते म्हणाले, मोडून टाकू. ही आत होती, ती बाहेर आली आणि म्हणाली, "ते हाय म्हणालेत. मी थांबणार हाय." गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द दुरुस्त केला नाही.

मी घरी पोचलो तेव्हा ज्येष्ठ संपत आला होता. विमानतळावर ती, आई आणि गुरुजी तिघंही. मी काय बोलायचं ते वाटेत घोकून आलो होतो, प्रत्यक्षात मी "जेवलात का?" असं विचारलं. आठ दिवसांत लग्न झालं, अंगणातच मांडव घालून. चुलते आले, पंगतीत आग्रहानं वाढत फिरले आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, पोरीला भिंतीशी बोलायला लावू नका." मला त्या वेळी त्यांचा राग आला नाही. खरं तर बरं वाटलं. तिच्यासाठी भांडणारं आणखी एक माणूस आहे, हे बरंच की.

ह्याला आता दोन वर्षं झाली. मधे एक फेरी मारून आलो, आता पुढच्या पंधरवड्यात पुन्हा निघायचंय. परवा दुपारी जेवणं झाल्यावर ती मोबाईलवर कंपनीचा फॉर्म भरत बसली होती. काही झालं तर कुणाला कळवायचं, त्या रकान्यापाशी आली. मी म्हणालो, "तुझा नंबर टाक."

"आधी आईंचा टाकते, मग माझा."

"आईला काय कळणार आहे त्या लोकांचं हिंदी? तू कशी तेव्हा धावत आलीस खबर द्यायला, तसंच—"

ती लिहायची थांबली. मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. म्हणाली, "मी खबर द्यायला नव्हते आले."

"मग?"

"अंगठी परत करायला आले होते. काकांनी बैठक बोलावली होती. चार माणसांत मोडामोड, तोंडातोंडी नको म्हणून म्हटलं आपणच जाऊन आईंच्या हातात देऊन यावी. साखरपुड्याची साडीपण होती पिशवीत. मला वाटलं, घरी तर तुम्ही सगळं नीट कळवलंच असेल. मला मात्र नुसतं ‘हाय’."

माझ्या कानशिलातून जाळ निघाला. दोन वर्षं! दोन वर्षं मी गावभर मिरवत होतो आणि ही माझं लग्न मोडायला आली होती! मी तोंडाला येईल ते बोललो असतो, पण तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि मिरची खाल्लेली नव्हती. मी तसाच उठून परसात गेलो. आई ज्वारी निवडत होती.

"आये, ही त्या दिवशी अंगठी द्यायला आल्ती, तुला म्हाईत हुतं?"

आईनं मान वर केली नाही. "म्हाईत नसायला काय झालं? पिशवीतनं साडीचा काठ दिसत हुता की."

"मग तू मला बोलली का न्हाईस?"

"ती बोलली न्हाई, मी कशाला बोलू? साडी परत घिऊन गेली का न्हाई? मग झालं."

मी तिच्यासमोर बसलो. राग कुठं ठेवावा ते कळेना. आणि बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली, जी दोन वर्षांत शिरली नव्हती. ती चिडली नसती, अंगठी घेऊन निघाली नसती, तर माझ्या आईला कुणीही सांगितलं नसतं. ज्या मुलीनं आमचं घर सोडायचं ठरवलं होतं तिच्याच तोंडून माझ्या आईनं मी जिवंत असल्याचं ऐकलं. आणि मी? माझ्या हातात एकच शब्द पाठवायची वेळ होती. त्या वेळी मला आई आठवलीच नव्हती. तिला वाचता येत नाही हे खरं, पण तो विचारसुद्धा तेव्हा मी केला नव्हता. मला फक्त ती बसमधली आठवली होती.

"आये," मी म्हणालो, "मी तुला कळवलं न्हाई. आधी तिला कळवलं. तुला राग न्हाई आला?"

आईनं सुपातले खडे बाजूला टाकले आणि तोंड उचलून माझ्याकडं बघितलं, येड्याकडं बघावं तसं.

"राग कशाचा? जिला कळवलंस ती माज्याकडंच आली की."